नोंदवहीतले वादळ

मुंबईवर कोसळलेल्या आपत्तींची कोणतीही यादी चाळली, तर तीत जून १८८२ मधील एका भयंकर चक्रीवादळाचा उल्लेख हटकून सापडतो. समुद्र शहरात शिरला आणि एक लाख किंवा त्याहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, असे ती नोंद सांगते. छापील पुस्तकांतून ती संकेतस्थळांवर गेली आणि संकेतस्थळांवरून पुन्हा छापील पुस्तकांत आली. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास होती. म्हणजे शहरातील दर आठ माणसांमागे सुमारे एक माणूस एका दिवसात गेला, असे मानावे लागते. 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे आदल्याच वर्षी सुरू झाली होती. इंग्रजी, गुजराती वृत्तपत्रे तर केव्हाचीच चालू होती. जन्ममृत्यूची दप्तरे होती, बंदराची दप्तरे होती. एवढा संहार झाला असता तर त्याच्या पुराव्याचा ढीग उरला असता. २०१९ साली अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकारी हवामानशास्त्रज्ञांनी मूळ साधने तपासली आणि हे वादळ झालेच नव्हते, असा स्पष्ट निर्वाळा दिला.

या प्रकरणाकडे आम्ही साहित्याचे अध्यापक म्हणून पाहतो तेव्हा त्यात एक ओळखीची गोष्ट दिसते. पाठ्यचिकित्सेच्या तासाला आपण विद्यार्थ्यांना जे सांगतो तेच येथे घडले आहे. एका हस्तलिखितातील चूक पुढच्या नकलेत उतरते, नकलांची संख्या वाढते, आणि संख्या हाच पुरावा मानला जातो. मूळ प्रत कोणी पाहत नाही. वादळासारखी प्रचंड, अंगावर येणारी, झाडे उपटणारी गोष्ट इतकी कागदावर अवलंबून असावी, याचे प्रथम नवल वाटते. पण उष्ण कटिबंधातील समुद्रावरच्या वादळांचा इतिहास जरा खोलात जाऊन पाहिला, म्हणजे हे नवल ओसरते. ही वादळे माणसाला समजली तीच मुळी वाचनातून. वादळात सापडलेल्या माणसाला वादळ दिसत नाही. त्याला दिसतो तो त्याच्या पुढ्यातला वारा, त्याच्या डोलकाठीवरचे फाटलेले शीड. वादळाचा आकार दिसतो तो कित्येक महिन्यांनंतर, दूर कोठेतरी एखाद्या कचेरीत, दहावीस जहाजांच्या नोंदवह्या शेजारी शेजारी मांडून बसलेल्या माणसाला.

त्याआधी वादळांना नावे होती, आकार नव्हता. कॅरिबियन बेटांवरील तैनो लोकांचा शब्द स्पॅनिश खलाशांनी उचलला आणि त्याचे 'हरिकेन' झाले. अरबी 'तूफान' कुराणात नोहाच्या महापुरासाठी येतो. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि इतका घरचा झाला की, आपण गर्दीलाही तुफान म्हणतो. पोर्तुगिजांनी त्याचा 'तुफाँव' केला. इंग्रजी 'टायफून'च्या मागे हा शब्द, ग्रीक 'टायफॉन' आणि दक्षिण चिनी बोलीतील 'मोठा वारा' या अर्थाचा शब्द यांपैकी कोणाचा वाटा किती, याविषयी व्युत्पत्तिकारांत अजून एकमत नाही. आमच्या मते एकमत होण्याची फारशी गरजही नाही. ज्या बंदरांत अरब, गुजराती, मलय आणि चिनी खलाशी एकाच धक्क्यावर उतरत, तेथे शब्दाचा एकच बाप शोधणे हा वंशावळीचा हट्ट झाला.

याच शब्दांच्या गोतावळ्यात मराठी वाचकाने थांबून पाहावा असा एक शब्द आहे. १५५४ साली सिदी अली रईस हा ऑटोमन नौदलाचा सेनानी बसऱ्याहून आरमार घेऊन सुवेझकडे निघाला. वाटेत पोर्तुगिजांशी झुंज झाली आणि त्यानंतर एका वादळाने त्याची उरलीसुरली गलबते गुजरातच्या किनाऱ्याकडे, दमणपर्यंत हाकलली. या वादळाला तो 'फील तूफानी', म्हणजे हत्तीचे तुफान, म्हणतो. पोर्तुगीज खलाशी पावसाळ्याच्या अखेरीस मलबार किनाऱ्यावर उठणाऱ्या वादळांना 'एलिफांता' म्हणत. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'हॉबसन-जॉबसन' या अँग्लो-इंडियन शब्दकोशात या नावाचे मूळ हस्त नक्षत्रात, हिंदीतील 'हथिया'त दाखविले आहे. हस्ताचा पाऊस आपल्याला परका नाही. पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याभोवती फेर धरणाऱ्या मुलींच्या भोंडल्यातला हत्ती तोच. घाटावरच्या अंगणातला हा हत्ती आणि तुर्की सेनानीला ओमानच्या समुद्रातून दमणला आणून टाकणारा हत्ती एकाच पंचांगातून निघालेले आहेत, ही गोष्ट आम्हांला कोणत्याही रूपकाहून अधिक रम्य वाटते. या नावात वादळाचा काळ सांगितलेला आहे. खलाशाला त्याचीच गरज होती. नारळी पौर्णिमेआधी होडी समुद्रात लोटू नये आणि हस्ताच्या दिवसांत जपून राहावे, एवढे ज्ञान त्याला पुरत असे. आणि पुष्कळ वेळा पुरतही नसे.

आकाराचा शोध अटलांटिकच्या बाजूने लागला. १८२१ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या कनेटिकट भागातून वादळ गेल्यानंतर विल्यम रेडफील्ड याच्या ध्यानात आले की, एका गावात झाडे ज्या दिशेला पडली आहेत त्याच्या नेमकी उलट दिशेला ती दुसऱ्या गावात पडली आहेत. हा गृहस्थ व्यवसायाने खोगिरे करणारा, पुढे आगबोटींच्या धंद्यात शिरलेला. दहा वर्षांनी, १८३१ मध्ये, त्याने आपला निष्कर्ष छापला: वादळ म्हणजे सरळ वाहणारा वारा नसून पुढे सरकत जाणारी एक प्रचंड गरगर असते. त्याच वर्षी बार्बेडोस बेट एका वादळाने उद्ध्वस्त झाले आणि पडलेल्या सरकारी इमारती पुन्हा उभारण्यासाठी विल्यम रीड हा इंग्रज लष्करी अभियंता तेथे पाठविला गेला. त्याने दगडविटांबरोबर नोंदवह्याही गोळा केल्या. १७८० साली कॅरिबियन बेटांवर वीस हजारांहून अधिक बळी घेणाऱ्या वादळाच्या नोंदी त्याने पाहिल्या. १८०९ मध्ये मॉरिशसजवळ ईस्ट इंडिया कंपनीच्या ताफ्यावर कोसळलेल्या वादळाच्याही पाहिल्या. विषुववृत्ताच्या उत्तरेला वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते आणि दक्षिणेला काट्यांप्रमाणे, हे त्याने कागद जुळवून दाखविले. त्याचा ग्रंथ १८३८ मध्ये निघाला.

तो ग्रंथ कलकत्त्यात एका माणसाच्या हाती पडला. हेन्री पिडिंग्टन हा पूर्वी व्यापारी जहाजावरचा कप्तान. समुद्र सोडून कलकत्त्यास स्थायिक झालेला. तेथील आर्थिक भूशास्त्राच्या संग्रहालयाचा अभिरक्षक, आणि सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायमंडळाचा अध्यक्ष. या शेवटच्या कामामुळे वादळात सापडलेल्या जहाजांचे कागद त्याच्यापुढे येत. १८३९ पासून त्याने बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात बंगालच्या उपसागरातील आणि चिनी समुद्रातील एकेका वादळावर दीर्घ निबंध लिहिण्यास प्रारंभ केला. हे निबंध वाचताना इतिहास-संशोधकाच्या पद्धतीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कोणत्या कप्तानाची वेळ विश्वसनीय, कोणाचे वायुभारमापक नादुरुस्त, कोणी भीतीने वाऱ्याची दिशा चुकीची लिहिली, कोणी दुसऱ्या दिवशी आठवणीने रकाने भरले, याची तो साक्षीदारांच्या जबान्यांसारखी छाननी करतो.

त्याच्या हाती लागलेल्या नोंदवह्यांत 'चार्ल्स हेडल' या जहाजाची नोंदवही अपूर्व म्हणावी लागेल. १८४५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडले. कप्तानाने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वाऱ्याकडे पाठ करून जहाज सोडून दिले. वारा नेईल तिकडे ते जात राहिले, आणि वारा त्याला गोल नेत राहिला. पाच दिवसांत त्या जहाजाने वादळाच्या केंद्राभोवती पाच प्रदक्षिणा घातल्या. जहाजावरील कोणालाही त्या वेळी याचा पत्ता नव्हता. ते आपल्या समजुतीने सरळ पळत होते. त्या नोंदी कागदावर उतरवून रेघ ओढली तेव्हा ती रेघ वेटोळ्यांची निघाली.

पुढे १८४८ मध्ये पिडिंग्टनने खलाशांसाठी एक पुस्तक काढले. त्याच्या नावातील 'हॉर्नबुक' हा शब्द लहान मुलांच्या अंकलिपीसाठी वापरला जाई. अक्षरांचा कागद फाटू नये म्हणून त्यावर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवीत, त्यावरून ते नाव. पिडिंग्टनच्या पुस्तकासोबतही शिंगाच्या पारदर्शक चकत्या होत्या, एक उत्तर गोलार्धासाठी व एक दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर चकती ठेवावी, आपल्याकडचा वारा तीवरील बाणाशी जुळवावा, म्हणजे वादळाचे केंद्र कोठे असेल ते कळे. याच पुस्तकात त्याने 'सायक्लोन' हा शब्द पुढे केला. प्रचलित शब्द वाऱ्याचा जोर सांगतात, गती सांगत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. म्हणून त्याने ग्रीक भाषेतून वर्तुळाच्या कुळातला, सापाच्या वेटोळ्यासाठीही वापरला जाणारा शब्द निवडला. हेतू असा की, वर्तुळ पुरते असल्याचा दावा न करता वळण मात्र सूचित व्हावे. पारिभाषिक शब्द घडविताना इतका विवेक आजही क्वचित दिसतो. आपल्या 'चक्रीवादळा'तले 'चक्र' मात्र वेटोळ्यापेक्षा वर्तुळाकडे अधिक झुकते, असे आम्हांला वाटते. 'वावटळ' हा शब्द त्या दृष्टीने सरस होता, पण तो धुळीच्या भोवऱ्यात अडकून पडला.

वर्तुळ आणि वेटोळे यांतला हा फरक शब्दच्छल नव्हता. त्यावर जहाजे तरत किंवा बुडत. वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले असता उत्तर गोलार्धात वादळाचे केंद्र बरोबर उजव्या हाताला असते, असा नियम पुस्तकांतून प्रचलित झाला. तो पुऱ्या वर्तुळावर आधारलेला होता. मॉरिशसच्या चार्ल्स मेल्ड्रमने शेकडो नोंदवह्या तपासून दाखविले की वारा केंद्राभोवती नुसता फिरत नाही, तो आत ओढलाही जातो. म्हणजे केंद्र काटकोनाच्या थोडे मागे असते, आणि जुन्या नियमावर विसंबून सुरक्षित बाजूला निघालेला कप्तान वादळाच्या तोंडातच शिरण्याचा संभव असतो. हा मेल्ड्रम १८४६ मध्ये प्रथम मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात रुजू झाला होता. दोन वर्षांनी त्याची मॉरिशसच्या रॉयल कॉलेजात गणिताचा प्राध्यापक म्हणून बदली झाली. १८५१ मध्ये तेथील हवामानशास्त्रीय सभा स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता. बदलीमुळे एखाद्या प्राध्यापकाच्या हातून काही चांगले घडल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आमच्या व्यवसायबंधूंनी ध्यानात ठेवावे.

मुंबईतही त्या दशकात वेध घेणे सुरू होते. कुलाब्याच्या वेधशाळेत ज्या एतद्देशीयांनी काम केले त्यांत 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर आणि केरो लक्ष्मण छत्रे ही नावे आहेत. मराठी वृत्तपत्राचा जनक आणि वायुभाराचे रकाने भरणारा वेधकर्ता एकच असावा, याकडे आपल्या वाङ्मयेतिहासांनी जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही.

पिडिंग्टनच्या आयुष्यातील शेवटचे प्रकरण नोंदवह्यांचे नाही, एका पत्राचे आहे. हुगळी नदी गाळाने भरत चालली म्हणून सुंदरबनाच्या कडेला मातला नदीवर नवे बंदर वसविण्याचा विचार सरकारात सुरू झाला. १८५३ मध्ये पिडिंग्टनने गव्हर्नर जनरल डलहौसी यांस उद्देशून एक पत्र छापून प्रसिद्ध केले. वाऱ्यापेक्षा वादळाबरोबर येणारी पाण्याची लाट घातक असते, खारफुटीचे रान तोडून तेथे गाव वसविले तर एखाद्या रात्री समुद्र त्या गावावरून चालून जाईल, असा त्या पत्राचा आशय होता. हे तो अंदाजपंचे बोलत नव्हता. गोदावरीच्या मुखावरील कोरिंगा बंदरावर डिसेंबर १७८९ मध्ये एकामागून एक तीन लाटा कशा आल्या आणि गाव कसे गेले, हे त्याने आपल्या पुस्तकात नमूद केले होते. पत्र पोहोचले, आणि बाजूला पडले. पिडिंग्टन १८५८ मध्ये वारला. मातलाकाठी 'पोर्ट कॅनिंग' उभे राहिले, धक्के झाले, आगगाडीही आली. १ नोव्हेंबर १८६७ रोजी वादळ आले. ते फार मोठ्या वादळांपैकी नव्हते आणि लाटही सुमारे सहा फुटांचीच होती, पण बंदराला तेवढी पुरली. काही वर्षांत ते सोडून देण्यात आले. अमिताव घोष यांच्या 'द हंग्री टाइड' (२००४) या कादंबरीमुळे ही हकिकत साहित्याच्या वर्गात पोहोचली, हे चांगलेच झाले. मात्र कादंबरीत ती दैवाच्या गोष्टीसारखी वाटण्याचा संभव आहे. मूळात ती एका सुस्पष्ट, छापील, उपलब्ध पत्राची गोष्ट आहे.

दरम्यान ५ ऑक्टोबर १८६४ चे वादळ कलकत्त्यावर येऊन गेले होते. हुगळीतून चढलेल्या पाण्याने पन्नास हजारांच्या आसपास माणसे बुडाली. त्यावर गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफर्ड यांनी सविस्तर अहवाल लिहिला. पुढे ओरिसाचा दुष्काळ झाला. आणि १८७५ मध्ये सरकारने भारतीय हवामान खाते स्थापून ब्लॅनफर्डला त्याचा प्रमुख केले. खाते जेमतेम वर्षाचे होते तोच ३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्री मेघनेच्या मुखावरील बाकरगंज भागात समुद्र चढला. सुमारे एक लाख माणसे बुडाली, नंतरच्या पटकीत तितकीच गेली, असे सामान्यतः सांगतात. बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल याचा अंदाज बुडालेल्यांच्या बाबतीतच दोन लाखांवर जातो.

या टेंपलचे नाव मराठी वाचकाने आधी ऐकलेले असते. बाकरगंजची उद्ध्वस्त बेटे पाहून आलेल्या याच अधिकाऱ्याला जानेवारी १८७७ मध्ये मद्रास आणि मुंबई इलाख्यांतील दुष्काळाची पाहणी करण्यास धाडण्यात आले, आणि त्याने दुष्काळी कामांवरील मजुरी दिवसाला एक रतल धान्याच्या पायरीवर आणून ठेवली. मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. आणि टेंपल त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर झाला. बंगालमध्ये पाण्याने मेलेली माणसे आणि दख्खनमध्ये पाण्यावाचून मेलेली माणसे एका हिवाळ्यात एकाच अधिकाऱ्याच्या दप्तरात आली. त्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या फायली होत्या, आणि त्या काळच्या ज्ञानाच्या मर्यादेत त्या तशा असणे साहजिकही होते. दुष्काळाचे खरे सूत्र ज्या समुद्रात होते तो मेघनेहून आणि मुंबईहून फार दूर होता.

तो समुद्र पेरूच्या किनाऱ्यावरचा. तेथे पायता बंदरातील कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला 'बाळाचा प्रवाह', म्हणजे बाळ येशूचा प्रवाह, म्हणत. १८९२ मध्ये कामिलो कारिल्यो या पेरूच्या नौदल अधिकाऱ्याने लिमा येथील भूगोल सभेपुढे हे नाव सांगितले. कोळ्यांचे हे 'एल निन्यो' पुढे जगभराच्या हवामानाचे नाव होणार होते, पण मधला दुवा जुळला तो सिमल्यात. गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती १९०४ मध्ये भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झाला. त्याला वाऱ्यापावसाचा अनुभव बेताचाच. आकड्यांचा मात्र दांडगा. पावसाळ्याचे भाकीत हवे म्हणून त्याने जगभरच्या ठिकाणांचे वायुभार, पाऊस, तापमान यांचे तक्ते मागविले आणि हिंदी कारकुनांकडून वर्षानुवर्षे हाताने गणिते करवून कशाचा कशाशी मेळ बसतो ते पाहिले. पॅसिफिकवर वायुभार चढला की हिंदी महासागरावर उतरतो आणि तिकडे उतरला की इकडे चढतो, असा एक झोका त्याला आढळला. १९२० च्या दशकात त्याने त्याला 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. याचे कारण काय, हे त्याला सांगता आले नाही आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली. १९६९ मध्ये याकोब ब्येर्कनेस याने वॉकरचा झोका आणि पेरूचा उबदार समुद्र या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे दाखवून दिले. १८७६ ते ७८ च्या दख्खनच्या दुष्काळाचा संबंध आजचे अभ्यासक १८७७-७८ च्या प्रबळ एल निन्योशी जोडतात.

सिमल्याचे ते कार्यालय १९२८ मध्ये पुण्यास आले. पुणेकर अजूनही त्या चौकाला 'सिमला ऑफिस' म्हणतात. तेथे बसमधून उतरणाऱ्या कितीजणांना ठाऊक असते कोण जाणे, की तीन महासागरांचे गणित ज्या खात्याने मांडले त्याचे हे नाव आहे.

येथवरचा इतिहास लिहिणाऱ्यांचा झाला, म्हणजे ज्यांच्या जहाजांवर नोंदवही होती त्यांचा. मचव्यावरच्या तांडेलाने पाहिलेले वादळ या साधनांत नाही. बाकरगंजच्या बेटांवरची माणसे आकड्यांत आहेत, आणि आकडेही बहुधा किनाऱ्यावर उरलेल्यांच्या अंदाजाने केलेले. त्यामुळे आकड्यांच्या बाबतीत दोन उलट दिशांच्या चुका संभवतात. १७३७ च्या कलकत्त्याच्या वादळात तीन लाख माणसे मेली असे दोनशे वर्षे छापले जात होते. १९९४ मध्ये रॉजर बिलहॅम या भूकंपशास्त्रज्ञाने ते प्रकरण उकलले. त्या काळच्या कलकत्त्याची वस्ती तीन लाखांच्या जवळपासही नव्हती, आणि कंपनीच्या कागदांत शहरातील मृतांचा आकडा तीन हजारांच्या आसपास आहे. शहराच्या बाबतीत आकडा असा फुगतो. बेटांच्या बाबतीत तो किती आखडला असेल याचा हिशेब करण्यास साधनच नाही. १२ नोव्हेंबर १९७० च्या भोला बेटाच्या वादळात तीन लाख की पाच लाख, याचा निर्णय आजही झालेला नाही. ते वादळ उपग्रहाने वेळेवर पाहिले होते. बेटावरच्या माणसाला समजेल अशा भाषेत ते कोणी सांगितले नाही. बंदरांतील बावट्यांचे आकडे जहाजांसाठी ठरविलेले होते, घरांसाठी नव्हते. भात कापणाऱ्याला अमुक नंबरच्या बावट्यावरून काय बोध व्हावा?

आपल्या किनाऱ्यावर तर स्मरणाची रीतच निराळी दिसते. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी मांडवीहून मुंबईस निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. सातशेहून अधिक उतारूंपैकी एकही परतला नाही, नोंदवही सापडण्याचा प्रश्नच नव्हता. बोटीवर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला 'वीजळी' म्हणत, आणि गुजराती लोकगीतांत ती त्याच नावाने राहिली. मराठी मनात तिची जागा 'रामदास' बोटीने घेतली आहे. १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस, मुंबईहून रेवसला निघालेली बोट, काश्याच्या खडकाजवळ आलेला वारा, आणि सहाशेहून अधिक बळी. कोकणातल्या पुष्कळ घरांत तो दिवस अजूनही 'रामदास बुडाली तेव्हा' असाच सांगितला जातो. दोन्ही वेळा लोकांनी नाव लक्षात ठेवले ते बोटीचे. त्या वाऱ्यांना कोणी नाव दिले नाही आणि ते द्यावे असे कोणाला वाटलेही नाही.

वादळाला व्यक्तिनाम देण्याची कल्पना, गंमत अशी की, एका कादंबरीच्या मदतीने रूढ झाली. क्वीन्सलँडचा क्लेमंट रॅग हा हवामानतज्ज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वादळांना पुराणातली नावे देई, आणि न आवडणाऱ्या पुढाऱ्यांचीही. पण ती रीत त्याच्याबरोबर संपली. १९४१ मध्ये जॉर्ज स्ट्युअर्ट या अमेरिकी लेखकाची 'स्टॉर्म' ही कादंबरी आली. तीतील तरुण हवामानतज्ज्ञ एका वादळाला मनातल्या मनात 'मारिया' म्हणतो. महायुद्धात पॅसिफिकवर काम करणाऱ्या अमेरिकी हवामानतज्ज्ञांनी हीच रीत उचलली आणि टायफूनांना स्त्रियांची नावे पडू लागली. १९५३ पासून अटलांटिकमध्येही तसेच झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुरुषांचीही नावे आली. आपल्या उत्तर हिंदी महासागरात हा प्रघात सुरू झाला तो २००४ मध्ये, 'ओनील' या बांगलादेशाने सुचविलेल्या नावापासून. किनाऱ्यावरचे देश नावे सुचवितात आणि ती क्रमाने वापरली जातात. २०२० पासून अशा तेरा देशांची १६९ नावांची नवी यादी चालू आहे.

म्हणून ३ जून २०२० रोजी अलिबाग-श्रीवर्धनच्या बागा आडव्या करणाऱ्या वादळाचे नाव 'निसर्ग' होते. तेही बांगलादेशानेच दिलेले, बंगालीतून आलेले, आणि संस्कृताच्या आडवाटेने आपल्याला विनासायास कळलेले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात आलेल्या वादळाचे नाव म्यानमारने दिले होते. तिकडच्या भाषेत ते एका पालीचे नाव आहे. आपल्या वृत्तपत्रांनी ते 'तौक्ते', 'तौते', 'ताऊक्ते' असे नाना प्रकारे छापले आणि किनाऱ्यावर प्रत्येकाने आपापल्या परीने उच्चारले. १७ मे २०२१ रोजी त्या वादळात मुंबईच्या समुद्रात तेलक्षेत्रावरील कामगारांचा एक तराफा बुडाला आणि त्यावरील सत्तरहून अधिक माणसे गेली. त्या तराफ्याला नाव नव्हते, 'पी-३०५' हा क्रमांक होता. सूचना दोनतीन दिवस आधीपासून दिलेल्या होत्या, स्पष्ट होत्या आणि लेखी होत्या.